निम्मी

त्या वर्षी विहिरींचं पाणी खाली गेलं आणि दोर लांब झाले.

इतरांचे हात दुष्काळात रिकामे पडले; दोरवाल्यांच्या घरात मात्र पाठ टेकायला फुरसत नव्हती. काल ज्या बादलीला दहा हात दोर पुरत होता, तिला आज पंधरा हात लागत होता. माणसं अंगणात येऊन उभी राहत आणि विहिरीत डोकावल्यासारखी खाली बघत बोलत.

"आजी, आमचा दोर पाण्याला टेकत नाही हो."

"टेकेल रे बाबा," चाकाचा दांडा न थांबवता म्हातारी म्हणे. "देव पाणी खाली नेतोय, मी दोर खाली नेते. कुठंतरी गाठ पडेलच."

दोर घायपाताचा. पानं तोडायची, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या, कुजल्या की दगडावर झोडपायच्या. हिरवा लगदा निघून जातो आणि आत पांढरा, केसासारखा धागा उरतो, तो वाख. पण घरामागचं डबकं उन्हाळा लागताच तडकून पडलं होतं. आता पेंढ्या गाढवाच्या गाडीत घालून दोन मैलांवर, नदीच्या उरल्यासुरल्या डोहात बुडवाव्या लागत. म्हातारीचा थोरला मुलगा पानं तोडी आणि गाडी हाकी. धाकटा घरी नसेच. तो बोअरच्या मशीनवर कामाला होता, गावोगाव जमिनीला भोकं पाडत हिंडे आणि वर्षातून दोनदा धुळीनं माखलेला घरी येई. झोडपणं, विंचरणं, वळणं हे दोघी सुनांचं. झोडपताना लगद्याचा रस हातावर उडे आणि कोपरापर्यंत खाज सुटे. आणि त्या साली दोघीही पोटुशी होत्या.

अंगणापासून कुंपणापर्यंत साठ पावलांची एक सरळ पट्टी होती, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली. तिला घरात नुसतं 'वाट' म्हणत. एका टोकाला म्हातारी बसून चाक फिरवी. चाकाच्या आकड्याला वाखाचं टोक अडकवून सून उलट्या पावलांनी मागं मागं जाई, बगलेतल्या झोळीतला वाख चिमटीनं सोडत. साठ पावलं मागं, मग साठ पावलं पुढं, मग परत मागं. चाकाच्या दर फेऱ्याला म्हातारी एकदा देवाचं नाव घेई. ओठातल्या ओठातच, पण चाकाच्या कुरकुरीत ते मिसळून जाई आणि ऐकणाऱ्याला वाटे, चाकच देवाचं नाव घेतंय.

"मागं कुंपण, पुढं पोट," थोरली म्हणे. "धाकटे, मी कधी काट्यात जाऊन बसेन सांगता येत नाही. बसले की ओरड हं."

"तुम्ही बसलात की काटेच ओरडतील, जाऊबाई."

"हसू नका गं, पीळ सैल पडतो," म्हातारी खेकसे, आणि स्वतःच खुदकन हसे.

थोरलीचं हसणं घरात जपून ठेवावं असं होतं. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं, दुसरं दोन दिवस श्वास घेऊन. ह्या तिसऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. धाकटीच्या बाळासाठी दुपटी शिवून पेटीत पडली होती. थोरलीनं सुई हातात धरली नव्हती.

म्हातारीच्या घरात एक नियम होता. एकीला जे, ते दुसरीला. ती स्वतः सून होऊन आली तेव्हा तिची जाऊ लाडकी होती आणि ही नावडती. भांड्याच्या तळाची खरवड तिनं सात वर्षं खाल्ली. सासू झाली त्या दिवशी तिनं देवापुढं हात जोडले आणि सांगितलं, माझ्या हातून कुणाला कमी जाऊ देऊ नकोस. ते तिनं पाळलं. शेजारणीनं एक अंडं दिलं तरी उकडून, वाखाच्या धाग्यानं मधोमध कापून दोघींच्या पुढ्यात ठेवी. डोळे तिचे केव्हाच अधू झाले होते, बोटं मात्र शाबूत. दोराचा मध्यही ती दुमडून, बोटांनी चाचपूनच काढी.

"माझ्या घरात निम्मं म्हणजे निम्मं," ती म्हणे. "राईभर इकडं नाही की तिकडं नाही."

धाकटी मामाच्या घरी वाढली होती, सगळ्यांचं झाल्यावर उरेल त्यावर. ह्या घरातलं पहिलं निम्मं अंडं तिनं हातात घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

*

सातव्या महिन्यात दोघी जावा सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीला रक्त देऊन आल्या होत्या. तिथली नर्स पोरांना तोंडात थेंब पाजायला गावोगाव फिरे म्हणून तिला सगळे थेंबबाई म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा गेल्या, तेव्हा थेंबबाईनं थोरलीला बाकावर बसवलं आणि धाकटीला एकटीला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"बस," ती म्हणाली. मग आवाज उतरवून तिनं सांगितलं, "तुझ्या रक्तात तो आजार निघालाय."

'तो' म्हणताच धाकटीला कळलं. खालच्या आळीतल्या शिंपिणीला तो होता. बातमी फुटली तेव्हा लोकांनी तिच्या हातचे कपडे आणून तिच्या दारात टाकले होते, शिवलेले आणि न शिवलेलेही. मशीन अजून ओट्यावर होतं, चाकावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. आणि कपडा तर एकट्याच्या अंगाला लागतो. दोर विहिरीत जातो. सगळं गाव पितं त्या पाण्यात जातो.

"लोक म्हणतात तसं काही नाही," थेंबबाई म्हणत होती. "हातानं लागत नाही, पाण्यानं लागत नाही. कामानं, जेवणानं कुणाला काही होत नाही. ऐकतेस ना?"

धाकटी मान हलवत होती. ऐकत नव्हती.

थेंबबाईनं कुलपाचा खण उघडून एक खोका काढला. त्यावर परक्या लिपीतली अक्षरं होती. आतली एकच गोळी तिनं कागदाच्या पुडीत बांधली.

"ही दानाची आहे. दूर कुठल्या देशातल्या कारखान्यानं फुकट पाठवलीय. एका आईला एक, त्याहून जास्त माझ्याकडं येत नाहीत. कळा सुरू झाल्या की लगेच गिळायची. आणि बाळ झालं की तीन दिवसांच्या आत त्याला इथं आण. त्यालाही एकदाच औषध पाजायचं असतं. ह्यानं बाळाला लागायचा धोका निम्मा होतो."

"निम्मा?"

"निम्मा. अगदी जातो असं नाही सांगणार. खोटं कशाला बोलू?"

धाकटीला ते कमी वाटलं नाही. ज्या घरात ती राहत होती तिथं निम्म्यावर सगळ्यांचं भागत होतं.

"घरी सांग," थेंबबाई म्हणाली. "नवरा आला की त्याला घेऊन ये. आणि सासूला तरी सांगून ठेव. कळा सुरू झाल्यावर तू उठून पेटी उघडणार आहेस का?"

"सांगते."

बाहेर थोरली बाकावरून उठत होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

"काय दिलं गं?"

"गोळी. ताकदीची. रक्त कमी आहे म्हणाल्या." आणि एवढ्यानं भागेल असं न वाटून तिनं पुढं जोडलं, "बाळ सुखरूप व्हावं म्हणून."

"मला नाही दिली ती."

"तुमचं रक्त चांगलं आहे, जाऊबाई."

"रक्त चांगलं," थोरली म्हणाली, "आणि पोरं टिकत नाहीत." तेव्हा ती हसली नाही.

गोळी धाकटीनं पेटीत, बाळाच्या दुपट्याच्या घडीत ठेवली. रोज एकदा ती पुडी सोडून बघे. लांबट, पांढरी गोळी. मधोमध एक बारीक रेघ. बघून झालं की ती कपाळाला लावी आणि दूरदेशीच्या त्या न पाहिलेल्या माणसांचं भलं कर म्हणून देवाला सांगे. स्वतःसाठी काही मागायचं तिला सुचत नसे.

सासूला सांगायचं ती उद्यावर टाकत राहिली.

*

धाकटीचे दिवस भरायला अजून आठवडा होता. गावच्या मोठ्या विहिरीचा जाड दोर संध्याकाळच्या आत द्यायचा होता, तीन पेडांचा. दोन पेड वळून झाले होते. तिसरा वळत धाकटी मागं जात होती. दुपारचं ऊन पाठीवर होतं, चाक कुरकुरत होतं. पस्तिसाव्या-छत्तिसाव्या पावलाला तिच्या कमरेतून कळ उठली आणि पोटाला वेढा घालून गेली.

तिनं चिमूट सोडली नाही. सोडली असती तर सगळा पीळ भर्रकन उलटला असता. दात आवळून ती उरलेली पावलं चालली, कुंपणाशी पोचली, खुंटीला टोक बांधलं, आणि मग खाली बसली.

चाक थांबलं. टोक बांधलं की दांड्याला जो हिसका बसतो तो म्हातारीला कळे. पण त्यानंतर पावलं परत येईनात. ती वाटेवरून चाचपत आली.

"काय गं? सुरू झालं?"

"आई, माझ्या पेटीत, दुपट्यात एक पुडी आहे. गोळी आहे आत. पाणी आणि ती घेऊन या. लवकर."

"कसली गोळी?"

"बाळ सुखरूप व्हायची. थेंबबाईनं दिलीय. कळा आल्या की घ्यायचीय. जा ना, आई."

म्हातारी गेली. घरातून पेटीचं झाकण वाजलं. मग थोरलीचा आवाज आला, मग म्हातारीचा, मग थोडा वेळ काहीच नाही. दुसरी कळ येऊन गेली. म्हातारी आली तेव्हा एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या तळहातावर गोळी. तिचा अर्धा तुकडा.

"ही... अर्धी का?"

"निम्मी थोरलीला दिली." म्हातारीचा चेहरा घामानं आणि आनंदानं निथळत होता. "तिच्याही पोटात आहे ना गं. दोन गेली तिची. बाळ सुखरूप व्हायची गोळी घरात असताना तिला तशीच ठेवू? आणि हे बघ, मधे रेघच होती. रेघेवर बोट दाबलं आणि कट्ट तुटली, एक कण सांडला नाही. निम्मी करायचीच होती, म्हणून तर रेघ आखून पाठवली देवानं."

"त्यांनी गिळली?"

"गिळली की. माझ्यासमोर. रडत गिळली बिचारी."

दारात थोरली उभी होती. एक हात चौकटीला, एक पोटावर. तोंड ओलं होतं, आणि त्या तोंडावर असं काही होतं जे धाकटीनं ह्या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच थोरलीला वाटत होतं की आपलंही जगेल.

सांगावं तर हीच वेळ होती. पण सांगून गिळलेली गोळी परत येणार नव्हती, आणि दवाखान्यातही दुसरी मिळणार नव्हती. एका आईला एक. सांगितलं तर फक्त गुपित जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर चाक, वाट, हे घर. तिसरी कळ आली. कळ ओसरल्यावर धाकटीनं तो तुकडा जिभेवर ठेवला. कडू होता. तिनं पाणी प्यायलं.

"आख्खी घेतल्याचं फळ देईल देव तुला," म्हातारी म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

दिवस मावळता मुलगा झाला. लहानखुरा, पण रडला लगेच. थोरल्यानं मोठ्या विहिरीचा दोर गाडीत घातला आणि जाता जाता दारातूनच विचारलं, "दोघंही बरी ना?" म्हातारी म्हणाली, "बरी आहेत. गोळी घेतली होती तिनं."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठून उभी राहिली.

"बाळाला दवाखान्यात न्यायचंय. आजच."

"वेड लागलंय का?" म्हातारी म्हणाली. "तीन दिवसांची बाळंतीण, असल्या उन्हात? बुधवारी थेंबबाईच येईल की गावात."

"बुधवारपर्यंत नाही चालणार. गाडी नसेल तर मी चालत जाते."

तिचा वर गेलेला आवाज घरात आजवर कोणी ऐकला नव्हता. म्हातारी बघतच राहिली. थोरलीच मधे पडली.

"जाऊ द्या तिला, आई. माझ्या दुसऱ्याला असं कोणी उठून नेलं असतं तर..." पुढचं तिनं गिळलं आणि गाडीवर सावलीसाठी चादर बांधायला घेतली.

वाटेत खड्डा आला की थोरला गाढवाला तेवढं हळू म्हणे.

थेंबबाईनं बाळाला तोललं, बिनसुईच्या पिचकारीत औषध ओढलं आणि गालाच्या आत हळूहळू सोडलं. बाळानं तोंड वाकडं केलं, गिळलं.

"शाब्बास रे राजा. आणि तू गोळी घेतलीस ना? कळा सुरू झाल्या झाल्या?"

"सिस्टर," धाकटी म्हणाली, "निम्मीच घेतली तर काय होतं?"

थेंबबाईचा हात थांबला. धाकटीनं सगळं सांगितलं. पेटी, रेघ, थोरली. सांगताना ती बाळाच्या पायाकडे बघत होती. ऐकून झाल्यावर थेंबबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"निम्मीनं काय होतं ते मला माहीत नाही गं. असं मला कोणी विचारलंच नाही आजवर."

"धोका निम्म्याच्या निम्म्यानं जातो का?"

"तसा हिशेब नसतो तो." तिनं पिचकारी बाजूला ठेवली. "ती रेघ मी रोज बघते. आख्खी गिळ, तोडू नकोस, असं सांगायचं कधी डोक्यात आलं नाही. घरात सांगायला हवं होतंस तू."

"काय सांगायला हवं होतं? आमच्या हातचे दोर विहिरीत सोडू नका म्हणून?"

थेंबबाईनं एवढंच बजावलं की सहा महिने नुसतं अंगावरचं दूध दे, वरचं पाणीसुद्धा नको, आणि मग एकदम तोड. दुधातूनही लागू शकतं. पण असल्या दुष्काळात गढूळ पाण्यानं पोरं त्याआधीच जातात. दीड वर्षानं त्याचं रक्त बघू, मग नक्की कळेल.

दीड वर्ष. धाकटीनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं. त्या घडीला अजून पुडीचा वास होता, की तिलाच तसं वाटलं.

*

तीन आठवड्यांनी थोरलीला मुलगी झाली. दणदणीत. तिच्या पहिल्या रडण्यानं गाढव दचकलं.

"निम्म्या गोळीवर एवढा आवाज!" म्हातारी हसता हसता रडत होती. "आख्खी मिळाली असती तर छप्परच उडवलं असतं हिनं." तिसरा दिवस गेला, दहावा गेला, महिना गेला. पोरगी राहिली. दोर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हातारी ती गोष्ट सांगे: पेटीतली पुडी, रेघ, कट्ट झालेला आवाज. पोरीला ती निम्मीच म्हणू लागली, मग सगळेच म्हणू लागले.

"निम्मे, इकडं ये."

"निम्मी झोपली का बघ गं, धाकटे."

दिवसातून वीस वेळा ती हाक वाटेवरून जाई. धाकटीही मारी. पोरीवर तिचा राग नव्हता. उलट थोरली झोडपायला गेली की ती निम्मीलाच मांडीवर घेऊन बसे. कुणाच्या तरी कामी ती गोळी आली, असं स्वतःला सांगे. थोरलीच्या रक्ताला तिची गरजच नव्हती, हेही तिला ठाऊक होतं.

एकदा थोरली डोहावर अडकली. गाडीचं चाक निखळलं होतं. निम्मी भुकेनं काळीनिळी झाली. म्हातारीनं तिला आणून धाकटीच्या पुढ्यात धरलं.

"घे, पाज हिला."

"नको, आई."

"नको म्हणजे? तुझं पोरगं पिऊन झोपलंय."

"मला... पुरत नाही दूध."

म्हातारीनं तिच्या अंगाकडे पाहिलं. दुधानं कापड भिजलं होतं, ते अधू डोळ्यांनाही दिसत होतं.

"ह्या घरात आजवर कुणी घास लपवला नाही," म्हातारी हळूच म्हणाली. "दूधही वाटून द्यायला जड झालं होय तुला?"

धाकटीनं पदर ओढून भिजलेलं कापड झाकलं. चमच्यानं पाणी पाजत म्हातारीनं निम्मीला तासभर तगवलं. मग चार दिवस ती धाकटीशी बोलली नाही. चाक फिरवताना देवाचं नाव मात्र जरा मोठ्यानं घेई.

पुढच्या उन्हाळ्यात मशीनवरच्या माणसांनी धाकट्याला घरी आणून सोडलं. ओळखू येत नव्हता, नुसती हाडं आणि खोकला. सगळे म्हणाले, धूळ छातीत बसली. दवाखान्यात नेण्याचं धाकटीनं तीनदा काढलं, तीनदा तो म्हणाला, उद्या. पोराला मात्र रोज उशाशी बसवून घेई. एकविसाव्या दिवशी सकाळी गेला. म्हातारीनं चाक आठ दिवस बंद ठेवलं आणि नवव्या दिवशी पुन्हा दांडा धरला. विहिरी थांबत नव्हत्या.

निम्मी दहाव्या महिन्यात चालली. वाटेवर आईच्या मागं उलटी चालायला जाई आणि बदकन पडे. पोरगा मात्र बसल्या जागी बसून राही. कान वाहत, तोंड आतून पांढरं होई, घास ठेवला की रडे. आणि एक दिवस धाकटीनं पाहिलं, म्हातारी दोघांना पेज भरवताना निम्मीच्या वाटीतली चमचाभर काढून पोराच्या वाटीत घालत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कमीजास्त केलं होतं. धाकटीची नजर जाणवताच ती ओशाळून म्हणाली, "तो जरा नाजूक आहे ना गं."

*

दीड वर्षानं पोराचं रक्त पाहिलं. थेंबबाईनं दार लोटलं तेव्हाच धाकटीला कळलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "त्या निम्म्यामुळं?"

"कुणी सांगू शकणार नाही, बाई. आख्ख्यानंही लागलं असतं कदाचित. दुधानं लागलं असेल. देवाशिवाय कुणाला ठाऊक?" थेंबबाईनं तिचा हात धरून ठेवला. मग खणातून बाटल्या काढल्या. "ऐक. आता लहान पोरांचं औषध यायला लागलंय. हेही दानाचंच. ह्यानं पोरं जगतात, वाढतात. पण सकाळ-संध्याकाळ, रोज, एक वेळही चुकवायची नाही आणि पुरतं पाजायचं. तुझंही सुरू करू. हे पेटीत लपवता येणार नाही आता."

घरी आली तेव्हा चाक चालू होतं. थोरली वाटेच्या मध्यावर होती. पोराला खाली ठेवून धाकटीनं पिशवीतून बाटली काढली, तशी निम्मी धावत आली आणि वास घेऊन हसली. औषध गोड वासाचं होतं.

"काय आणलंस?" म्हातारीनं दांडा सोडून हात पुढं केला. "औषध? आण इकडं. निम्मे, आ कर. आधी तू थोडं, मग त्याला—"

धाकटीनं तिचं मनगट धरलं.

"हे निम्मं करायचं नाही, आई."

"का गं? पोरगी आशाळभूत बघतेय."

"शिंपिणीला आहे ना, तो आजार आहे त्याला. मलाही आहे. ह्यांनाही तोच होता. हातानं नाही लागत तो, पाण्यानं नाही लागत, दोरानं नाही लागत. पण आहे."

थोरलीच्या चिमटीतून वाख सुटला. पेड भर्रकन उलटा फिरला आणि वाटेवर गुंतून पडला. तिनं धावत येऊन निम्मीला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागं सरकली. तशीच उभी राहिली. मग तिचं तोंड बदललं.

"म्हणून दूध दिलं नाहीस हिला?"

"म्हणून."

थोरलीनं निम्मीला हळूच परत खाली ठेवलं, पोराच्या शेजारी.

म्हातारी दोराचं एक टोक बोटांत घेऊन चाळवत होती. देवाचं नाव नव्हतं ओठांवर.

"केव्हापासून ठाऊक होतं तुला?"

"हा पोटात होता तेव्हापासून."

बोटं थांबली.

"मग ती गोळी..."

धाकटीनं तिच्या हातांकडे पाहिलं. वाखानं चिरलेले, नखं पिवळी पडलेले, सासू झाल्यापासून सगळ्यांना सारखं वाटत आलेले हात.

"ती ताकदीची होती, आई," ती म्हणाली. "रक्त वाढायची. तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

म्हातारीनं तिचा हात ओढून आपल्या बोटांत धरला, वळलेल्या दोराचा पीळ बघतात तसा, अंगठ्यानं चाचपत. पीळ खरा की सैल हे त्या बोटांना डोळ्यांशिवाय कळत आलं होतं. तिनं हात सोडला. तिच्या गालावरून पाणी ओघळून हनुवटीशी थांबलं होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

निम्मीला ही शांतता आवडली नाही. तिनं आजीचा गुडघा थोपटला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून, नवं शिकलेलं, सांगितलं, "निम्मी."

"नाही गं," म्हातारी म्हणाली. "तू आख्खी. तू आख्खी आहेस माझी बाई."

त्या नावानं तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही.

मग तिनं पोराला मांडीवर ओढलं. तिथं त्याचं वजन जाणवतही नव्हतं. तिनं औषधाच्या झाकणासाठी तळहात पसरला.

"किती द्यायचं म्हणाली ती?"

"ह्या रेघेपर्यंत."

म्हातारीला रेघ दिसत नव्हती. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आत तिनं बोट घातलं, चाचपून ती बारीक उंच कड शोधली आणि तिच्यावर नख टेकवलं.

"ओत," ती म्हणाली. "नखाला लागेपर्यंत ओत. पुरतं."